रिनोव्हेशन करताना काही फुटलं, भिजलं, जळलं तर भरपाई कोणाकडून आणि कशी घ्यायची

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं काम जवळपास संपलं होतं. टाइल्स लागल्या, ग्राउटिंग झालं, फक्त आरशाचं कपाट भिंतीवर चढवायचं राहिलं होतं. सुताराने ड्रिल लावलं, पहिली दोन भोकं नीट पडली, तिसऱ्या भोकाला विटेची लाल भुकटी यायची ती एकदम ओली यायला लागली. त्याने बिट बाहेर ओढलं आणि आतून गरम पाण्याची धार सरळ त्याच्या छातीवर. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरात कोणालाच धड माहीत नव्हतं. तो डक्टमध्ये सापडला तेव्हा गंजून बसलेला, शेवटी वॉचमनला गच्चीवर पाठवून टाकीवरूनच लाइन बंद करावी लागली. तेवढ्यात पाणी बेडरूमच्या लॅमिनेट फ्लोअरिंगखाली शिरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्यांच्या कडा भाजत ठेवलेल्या पापडासारख्या वर वळल्या होत्या आणि खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्या पीओपीवर पडलेला पिवळा डाग दाखवायला दारात उभे.

कॉन्ट्रॅक्टर आला, बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, कामात एवढं तेवढं होतंच, कोणी मुद्दाम करतं का." मुद्दाम कोणीच केलं नव्हतं हे खरंच होतं, पण मुद्दाम केलं नाही म्हणून भरपाई द्यायची नाही असं कायदा कुठेच म्हणत नाही. त्या अनुभवानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, सोसायटीच्या कमिटीत असताना चार-पाच घरांची अशी भांडणं जवळून बघितली, आणि माझं मत असं झालंय की भरपाई मिळणार की नाही हे नुकसान व्हायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून आधीच्या तयारीवर मी जास्त लिहितेय, कोर्टावर कमी.

पहिली गोष्ट, काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी घराचा व्हिडिओ काढा. नुसतं बाथरूम किंवा किचन नाही, पूर्ण घर, कारण सामान नेताना दाराची चौकट, पॅसेजमधलं कपाट, हॉलची फरशी या सगळ्याला धक्का लागतो. व्हिडिओत बोलत चला, आज अमुक तारीख, ही फरशी, इथे आधीपासून एक तडा आहे, हा टीव्ही चालू करून दाखवते, हा गीझर चालू आहे. आधीचे तडेसुद्धा प्रामाणिकपणे दाखवा, त्याने तुमच्या व्हिडिओवरचा विश्वास वाढतो. तोच व्हिडिओ त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा, "कामाआधीची घराची स्थिती, काही वेगळं वाटत असेल तर उद्यापर्यंत सांगा." त्या चॅटवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर आधी बंद करा, एका मेंबरचा महत्त्वाचा सगळा पुरावा त्याच्यामुळेच गेला होता.

आणि बाथरूम, किचन किंवा बाल्कनी फोडणार असाल तर खालच्या घरी जाऊन त्यांच्या सिलिंगचे फोटो त्यांच्यासमोर काढा. हे करायला लोक संकोचतात, उगाच त्यांच्या डोक्यात भरवून कशाला द्यायचं म्हणतात. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण फोटो नसेल तर खालच्या घरातला दहा वर्षांपूर्वीचा डागसुद्धा तुमच्या नावावर येतो, आणि खरंच तुमच्या कामाने गळलं असेल तर कॉन्ट्रॅक्टर "तो डाग जुनाच आहे" म्हणून हात झटकतो. दोन्ही बाजूंनी तुम्हीच अडकता.

लिफ्ट आणि जिन्याचेही दोन फोटो घ्या. बऱ्याच सोसायट्या रिनोव्हेशनसाठी डिपॉझिट घेतात आणि राबिटच्या गोण्यांनी लिफ्टचं पॅनल चेपलं की ते तुमच्या डिपॉझिटमधून कापतात, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही.

आता भिंतीच्या आत काय आहे ते. कन्सील्ड पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय याची माहिती तुमच्याकडे असेल तर ती द्यायची जबाबदारी तुमची, हे मी मुद्दाम सांगतेय. तुम्हाला माहीत होतं आणि सांगितलं नाही, तर समोरचा अर्धी चूक तुमची आहे म्हणणार आणि त्यात तथ्य असेल. पण तुम्हालाच माहीत नसेल तर शोधून काढणं हे त्याचं काम आहे, तो त्याचा धंदा आहे. नळ जिथे आहे त्याच्या सरळ वर आणि खाली, स्विचबोर्डच्या सरळ वर आणि आडवं, एवढी जागा धोक्याची धरायचीच असते, कुठलाही जुना मिस्त्री हे सांगेल. भिंतीतली लाइन शोधायचं डिटेक्टर मशीनही मिळतं. आमच्या बाबतीत त्याच कॉन्ट्रॅक्टरच्या प्लंबरने महिनाभरापूर्वी झिरी मारून, म्हणजे भिंतीत खाच पाडून, ती गरम पाण्याची सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाइपची) लाइन टाकली होती, म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती. झिरी उघडी असताना मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा, मजल्यापासून किती इंच आणि कोपऱ्यापासून किती इंच ते फोटोत दिसलं पाहिजे. हा फोटो पुढची वीस वर्षं कामाला येतो.

मेन व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने एकदा बंद करून बघा. फिरत नसेल तर कामाआधी बदलून घ्या, काही शे रुपयांची गोष्ट आहे. बोर्डावरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, टेस्ट बटण दाबल्यावर पडते का बघा, पडत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. पाइप गॅस असेल तर त्या पाइपला कॉन्ट्रॅक्टरला हातच लावू द्यायचा नाही, हलवायचा असेल तर गॅस कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून.

मग लिहून घेणं. तोंडी करारसुद्धा भारतीय करार कायदा 1872 खाली वैध असतो, पण तो सिद्ध करताना घाम फुटतो. मोठा करारनामा नको असेल तर कोटेशनच्या खाली हाताने चार ओळी लिहून दोघांनी सही करा. मी आता हे वापरते, जसंच्या तसं घ्या:

"काम चालू असताना कॉन्ट्रॅक्टर, त्याचे कामगार किंवा त्याने आणलेले सब-कॉन्ट्रॅक्टर यांच्याकडून घराचं, घरातल्या सामानाचं, शेजारच्या किंवा खालच्या घराचं किंवा सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान झाल्यास ते कॉन्ट्रॅक्टर स्वखर्चाने 15 दिवसांत दुरुस्त करून देईल, न दिल्यास मालक बाजारभावाने काम करून घेऊन ती रक्कम बिलातून वळती करेल. एकूण रकमेच्या 10 टक्के रक्कम काम संपल्यावर 6 महिन्यांनी दिली जाईल."

यातले "सब-कॉन्ट्रॅक्टर" आणि "वळती करेल" हे शब्द सोडू नका. पहिल्या शब्दामुळे "तो सुतार माझा माणूस नाही, बाहेरून आणला होता" हे उत्तर बंद होतं. खरं तर करारात लिहिलं नसलं तरी तुमचा व्यवहार ज्याच्याशी झाला त्याच्याकडेच तुम्ही मागू शकता, त्याने पुढे कोणाला काम दिलं हा त्याचा प्रश्न, पण लिहिलेलं असलं की वाद दोन मिनिटांत संपतो. दुसऱ्या शब्दामुळे तुमच्या हातातले पैसे तुम्हाला हक्काने वापरता येतात.

आणि जीएसटी वाचवायला बिल नको म्हणणं सोडून द्या. मी समजू शकते, 18 टक्के डोळ्यांवर येतात, पण बिलच नसेल तर काम कोणी केलं इथूनच तुमची लढाई सुरू होते. कॉन्ट्रॅक्टर लहान असेल, जीएसटी नोंदणी नसेल, तरी साधी पावती द्यायला त्याला काही अडचण नाही, आणि मागूनही बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या, कामाचं नाव नोटमध्ये टाका.

पैशांचं वेळापत्रक हे तुमचं खरं इन्शुरन्स आहे. आमचं काम 3 लाख 40 हजारांचं होतं आणि नवऱ्याने हट्ट करून शेवटचे 10 टक्के, म्हणजे 34 हजार मागे ठेवले होते. तेव्हा मला ते जरा कद्रूपणाचं वाटलं होतं. कॉन्ट्रॅक्टर नुकसानीचे आधी पाच हजारच द्यायला तयार होता, तो पुढे सरकला तो निव्वळ त्या 34 हजारांमुळे, हे मी आता कोणालाही सांगेन. निम्म्याहून जास्त ॲडव्हान्स मागणाऱ्याला काम देऊच नका. मटेरियलसाठी हवे म्हणत असेल तर मटेरियल तुम्ही दुकानदाराला थेट पैसे देऊन घ्या.

काम मोठं असेल, आठ-दहा लाखांचं, भिंती पाडण्याचं, तर कॉन्ट्रॅक्टरकडे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी आहे का विचारा. त्यात तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा भाग असतो, पण तुमचं आधीपासूनचं घर आणि सामान त्यात आपोआप येतंच असं नाही, ते वेगळं जोडून घ्यावं लागतं, म्हणून पॉलिसीची प्रत बघूनच विश्वास ठेवा. तुमची स्वतःची घराची पॉलिसी असेल, 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात ती भारत गृह रक्षा वगैरे, तर आग आणि पाइप फुटून आलेलं पाणी हे त्यात असतं. दुरुस्तीच्या कामामुळे झालेल्या नुकसानीबद्दल अपवाद काय लिहिलेत ते मात्र काम सुरू करण्याआधी वाचा, आणि क्लेम करायचा तर सर्व्हेअर येईपर्यंत मोडकं सामान फेकू नका.

एवढं करूनही नुकसान झालंच, तर पहिल्या तासात काय करायचं. आधी पाणी किंवा वीज बंद. पाणी बोर्डाजवळ पोचलं असेल तर ओल्या हाताने, ओल्या पायाने बोर्डाला शिवू नका, मीटरबॉक्सवरून बंद करायला सांगा. मग फोटो, पुसायला घेण्याआधी, पण फोटोसाठी पाणी तुंबवून ठेवायचं नाही. नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे, करार कायद्याच्या कलम 73 मध्येच तसं आहे, भरपाई ठरवताना तुम्हाला जे टाळता आलं असतं ते धरलं जात नाही. गादी ओढून बाजूला करणं शक्य होतं आणि तुम्ही ती रात्रभर भिजू दिली, तर गादीचे पैसे मागताना अडचण येणार.

फुटलेला तुकडा जपून ठेवा. आम्ही भोक पडलेला पाइपचा चार इंचाचा तुकडा प्लंबरकडून कापून पिशवीत ठेवला होता, त्यात ड्रिलचं गोल भोक इतकं स्वच्छ दिसत होतं की "पाइपच खराब क्वालिटीचा असेल" हे म्हणणं पुढे आलंच नाही.

त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरला मेसेज, फोनवर बोलणं झालं असलं तरी. शिव्या नाहीत, आरोप नाहीत, फक्त घटना: "आज दुपारी साडेतीनला तुमचा सुतार बाथरूममध्ये ड्रिल करत असताना गरम पाण्याची लाइन फुटली. बेडरूमचं फ्लोअरिंग आणि खालच्या घराचं सिलिंग भिजलं. फोटो पाठवतेय. उद्या येऊन बघा." त्याने खाली "हो येतो उद्या" एवढं लिहिलं तरी घटना मान्य झाल्यासारखीच आहे. असा मेसेज पुढे कोर्टात किंवा ग्राहक आयोगात लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकील ते करून देतात, म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका, मूळ चॅट आणि शक्यतो तोच फोन सांभाळून ठेवा.

एक कळकळीची विनंती आहे. त्या क्षणी समोर उभा असतो तो सुतार किंवा बिगारी, आठशे-हजार रुपये रोजावर आलेला, घाबरलेला. त्याच्यावर ओरडू नका, त्याची हत्यारं अडकवून ठेवू नका, त्याचा रोज कापायला लावू नका. तुमचा व्यवहार कॉन्ट्रॅक्टरशी आहे आणि कामगाराच्या कामात झालेल्या चुकीला त्याचा मालकच जबाबदार असतो. शिवाय नेमकं काय झालं ते खरं सांगणारा तोच एक माणूस असतो. आमच्या सुताराला मी आधी टॉवेल आणि चहा दिला, आणि त्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं की लाइन कुठून गेलीय ते त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

आता जबाबदारी नेमकी कोणाची, हे प्रत्येक वेळी सरळ नसतं. कॉन्ट्रॅक्टरला ठरावीक रकमेला पूर्ण काम दिलं असेल तर त्याची, यात फारसा वाद नाही. तुम्ही स्वतः नाक्यावरून गवंडी आणि प्लंबर रोजावर आणले, मटेरियल तुमचं, कुठे फोडायचं तेही तुम्हीच सांगत होता, तर मात्र तुम्हीच कॉन्ट्रॅक्टरच्या जागी आलात. अशा वेळी खालच्या घराचं नुकसान तुमच्याच गळ्यात पडायची शक्यता जास्त. स्वस्त पडतं म्हणून लोक हे करतात, पण हा हिशोब धरून करा. ॲपवरून माणूस बोलावला असेल तर बुकिंगवरच्या अटींमध्ये नुकसान किती दिवसांत कळवायचं ते असतं, त्या मुदतीत ॲपमधूनच तक्रार टाका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं.

खालच्या काकांचं काय? त्यांचा तुमच्या कॉन्ट्रॅक्टरशी काही संबंध नाही, ते तुमच्याकडेच येणार आणि ते योग्यच आहे. त्यांना कॉन्ट्रॅक्टरचा नंबर देऊन मोकळं होऊ नका. त्यांचं काम आधी करून द्या, पावती घ्या, आणि ते पैसे कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणेही घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती ज्या त्या सभासदाने आपल्या खर्चाने काढायची असते.

"बिल्डरचंच काम कच्चं होतं" हेही उत्तर येतं. नवी इमारत असेल तर रेरा कायद्याच्या कलम 14 खाली ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने काढून द्यायचे असतात, पण ते बिल्डरपुरतं आहे, तुमच्या दुरुस्तीवाल्याला ते लागू नाही. आणि तुम्ही बाथरूम फोडून मूळ वॉटरप्रूफिंग काढलंत की बिल्डर तुमच्या रिनोव्हेशनकडे बोट दाखवणार. म्हणून पाच वर्षांच्या आत फोडाफोडी करत असाल तर आधी पाणी भरून टेस्ट घ्या, आधीच गळत होतं का ते नोंदवा.

कॉलम, बीम, स्लॅब यांना धक्का लागला तर हा लेख बाजूला ठेवा, काम लगेच थांबवा, सोसायटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून 17 माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. इथे प्रश्न भरपाईचा राहत नाही.

रक्कम ठरवताना बहुतेक घरमालक चुकतात, मीही चुकले होते. सहा वर्षं वापरलेल्या फ्लोअरिंगच्या बदल्यात नव्याचे पूर्ण पैसे मागितले. न्याय्य हे की नुकसान झालं नसतं तर तुम्ही जिथे असता तिथे तुम्हाला आणून ठेवायचं, त्याहून पुढे नाही. दोन वेगळ्या दुकानांची कोटेशन घ्या, वस्तू किती जुनी ते मान्य करा, मग आकडा सांगा. आमच्या खोलीचं नवं फ्लोअरिंग 42 हजारांचं होतं, आम्ही 25 हजारांवर आलो. काकांच्या सिलिंगचा पॅच आणि रंग 9,500, तिथे घसारा वगैरे काही काढला नाही, कारण त्यांनी काम काढलंच नव्हतं, त्यांना का तोशीस. प्लंबर आणि दोन टाइल्स 3,500. एकूण 38 हजार, त्यातले 34 मागे ठेवलेले होते ते वळते झाले, चार हजार त्याने आणून दिले. मनस्ताप, रजा, हॉटेलात राहायचा खर्च हे मागता येतं, पण लांबचं, अप्रत्यक्ष नुकसान करार कायद्यात सहसा धरत नाहीत, दोघांना आधीपासून कल्पना असेल तर वेगळं. तुम्ही घरूनच क्लासेस घेत असाल, खोली बंद पडली तर उत्पन्न बुडणार असेल, तर हे कोटेशनच्या वेळीच लिहून ठेवा.

नुकसान वीस हजारांचं आणि तुम्ही दोन लाख अडवून ठेवलेत, असंही करू नका. वादात नसलेले पैसे देऊन टाका आणि किती, कशासाठी रोखलेत ते लिहून कळवा, नाहीतर उलटी नोटीस तुम्हालाच येईल.

तरीही तो ऐकत नसेल तर स्पीड पोस्टने लेखी नोटीस, 15 दिवसांची मुदत, सोबत फोटो आणि कोटेशनच्या प्रती. वकिलाकडूनच पाहिजे असं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मराठीतही बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला, म्हणजे कामासाठी तुम्ही दिलेले पैसे, 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच जायचं, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही. वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून 2 वर्षं, दिवाणी दाव्याला सर्वसाधारणपणे 3 वर्षं, पण एवढं थांबू नका, पुरावे सुकून जातात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करायच्या आधीच तडजोडीसाठी अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. पोलीस बहुतेक वेळा दिवाणी मामला म्हणतील आणि चुकून झालेल्या नुकसानीत ते बरोबरही आहे. पण दुरुस्तीचं काम इतक्या निष्काळजीपणे चाललंय की माणसाच्या जिवाला धोका आहे, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 290 त्यासाठीच आहे, तेव्हा तक्रार जरूर द्या.

तडजोड झाली तर ती कागदावर घ्या, रक्कम, तारीख, कशाबद्दल, दोघांच्या सह्या. "पूर्ण आणि अंतिम" असं लिहून तो सही मागेल, तेव्हा त्याखाली एक ओळ वाढवा: "आज दिसत नसलेली गळती पुढे निघाल्यास ती यात धरलेली नाही." पाणी स्लॅबमध्ये मुरून महिन्यांनी खाली उतरतं. आम्ही ती ओळ लिहिली, बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करून 48 तास पाणी भरून ठेवलं, काकांकडे सकाळ-संध्याकाळ जाऊन सिलिंगला हात लावून बघितलं आणि नंतर ऑगस्टमध्ये एकदा परत जाऊन त्याच कोपऱ्यातून त्याच जागेचा फोटो काढून आले.